कटिंगावरची बाग

मिरकरवाड्याहून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईनं आज ताजा सरंगा म्हणून जे काय गळ्यात मारलं होतं, त्याचा पाढा सगुणा सुट्टीमुळं घरी असलेल्या सुनेपुढं वाचत होती, आणि वाचता वाचता ती मध्येच थांबली. थांबण्याचं कारण नेहमीचंच होतं. पायाखालची फरशी बारीक थरथरली, फळीवरच्या डब्यांची झाकणं एकमेकांना लागून किणकिणली, म्हणजे दुपारची गाडी कटिंगात शिरली. परसदारापलीकडं चार माड, त्यापलीकडं रेल्वेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं जांभा सरळ खाली कापत नेलेली ती घळ, जिला सडेवाडीतलं शेंबडं पोरसुद्धा कटिंग म्हणतं. गाडी तिच्यातून जाई तेव्हा घरात दुसरा आवाज उरत नसे. म्हणून तोंडातलं वाक्य तोंडातच धरायचं आणि शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढं उचलायचं, ही या घराची रीतच पडून गेली होती. मुलाच्या, अनिलच्या, लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, मग काय, मुलगी पसंत ना, आणि सगुणा तोंड उघडणार एवढ्यात मालगाडी आली. अख्खी मालगाडी जाईपर्यंत नम्रताचे वडील घाम पुसत बसले होते. ती गोष्ट अजून लग्नाकार्यात हसून सांगतात.

आज डबे किणकिणले आणि पुढं काहीच आलं नाही. सगुणा विळीवर बसल्या बसल्या, ओठ अर्धे उघडे ठेवून थांबली होती आणि गाडीचा आवाज जिथं यायचा तिथं काहीच नव्हतं. बाहेर कावळा ओरडला. शेजारच्या पंपाची घरघर ऐकू आली. नम्रतानं मान वर करून विचारलं, "मग? पुढं काय म्हणाली ती?" आणि सगुणाला पुढचं काही आठवेना. गाडी गेली होती. पायांना कळलं होतं, कानांना कळलं नव्हतं. "अहो आई, कटिंगावर स्लॅब घातला ना सकाळी, आपल्या मागचा," नम्रता म्हणाली. "बघा, किती शांत झालं. आता तुम्हाला दुपारची झोप लागेल." सगुणानं मान हलवली. तिला भीती वाटली होती. साधी भीती, आणि ती कुणाची हे सुनेला सांगता येण्यासारखं नव्हतं.

कटिंगावर झाकण घालून वर बाग करायची, ही टूम दोन वर्षांमागं निघाली. शहर वाढत वाढत कातळाच्या सड्यावर आलं, सडेवाडी आणि पलीकडची उंडीवाडी दोन्ही त्याच्या पोटात गेल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एवढ्या वस्तीला बसायला-फिरायला जागाच नाही. जागा होती ती या भोकाची. अनिलनं रात्री जेवताना ताटातल्या कोशिंबिरीच्या वाटीवर पापड ठेवून आईला सारी योजना समजावली होती: खाली गाडी, वर तुळया, तुळयांवर स्लॅब, स्लॅबवर माती, मातीवर हिरवळ. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तेव्हाच टवाळी सुरू केली. रत्नागिरीत बाग म्हणजे आंब्याची. इथं म्हणे दोन हात मातीत आंब्याचं मूळ मावायचं नाही, म्हणून नुसती कर्दळ आणि जास्वंद. जिच्यात फळ नाही, जिची राखण नाही, ती कसली बाग? सगुणा त्या हसण्यात होती. पण रोज तुळया चढवणारी ती अजस्र क्रेन मागच्या दारातून दिसायची तेव्हा ती घरात निघून यायची. उघडं भोक तिला कधीच आवडलं नव्हतं. तरी ते बुजताना बघवत नव्हतं.

कारण त्या भोकाच्या पलीकडच्या काठावर रघू उभा होता. म्हणजे एकदा उभा होता. की नव्हता? एवढंच तर तिला पंचवीस वर्षं कळलेलं नाही.

रघू तिचा दीर. सगुणा या घरात आली ती सतराची, आणि सासू आधीच गेलेली, त्यामुळं बोहल्यावरून उतरली ती थेट एका सात वर्षांच्या पोराची आई होऊनच. नवऱ्याचं, भिकाजीचं, तिच्याशी बोलणं सुरू व्हायला महिना गेला असेल. रघूचं पहिल्या संध्याकाळीच सुरू झालं. वयनी, माझी चड्डी फाटली. वयनी, मला कुशीत घे. काळोखात परसाकडं जायला तो घाबरायचा तेव्हा तिनंच त्याला शिकवलं होतं, तिच्या आईनं तिला शिकवलं होतं तसं: कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. दुसऱ्या हाकेला द्यायची नाय. तिसरी हाक आली तर माणूस समजायचा, भुताला तिसरी हाक मारता येत नाय. पोरानं ते असं काही मनावर घेतलं की पुढं जेवायला बोलावतानासुद्धा तिला तीनदा ओरडावं लागायचं. पहिल्या दोन हाकांना हा गोठ्यामागं खुसखुसत बसलेला, आणि तिसरीला हजर. आपल्याच शिकवणीची अशी परतफेड बघून ती चिडायची आणि पदरात तोंड घालून हसायची.

तो मोठा झाला, मुंबईला गेला, गिरणीत लागला. सड्यावरच्या कातळात माणसाचं पोट भरत नाही, तेव्हा गेला यात नवल नव्हतं. संप झाला. संपानंतर एकदा आला, गप्प गप्प होता, गणपतीपर्यंत थांबला नाही. मग पत्र नाही, निरोप नाही. भिकाजी दोनदा मुंबईला जाऊन आला. चाळीतली खोली दुसऱ्याची झाली होती. गाववाले म्हणाले, दिसला नाही. बारा वर्षं झाली तेव्हा भटजींनी सांगितलं की आता ठेवू नये, अडकून राहतो जीव. पळसाची पानं आणि दर्भ बांधून माणसाएवढा पुतळा केला, त्याला रघूचं नाव दिलं, खाडीकाठच्या स्मशानात नेऊन भिकाजीनं आपल्या हातानं अग्नी दिला. दहावा झाला, बारावा झाला, तेरावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, वाटच बघत होता बिचारा. सगुणाला मात्र त्या वेळी वाटलं होतं की पानं फार पटकन जळली, माणूस एवढ्या लवकर जळत नाही. हे मनात आलं म्हणून तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली होती.

त्याच सुमाराला कटिंग खणलं गेलं. सुरुंग लागत, घराच्या भिंतींना चिरा पडत, आणि उंडीवाडीकडून येणारी पायवाट, एसटीतून उतरलं की सरळ दारात आणणारी ती वाट, एक दिवस मधोमध तुटली. पलीकडं जायला पुलावरून वळसा पडू लागला, आणि तो एवढा की कुणी जाईनासं झालं. उंडीवाडीचा देव वेगळा, शीव वेगळी, सोयरीक नाही. मग अडतं कुणाचं? दोन्ही काठांवरच्या बाया एकमेकींना वाळत घातलेल्या लुगड्यांवरून ओळखायच्या, तेवढाच काय तो संबंध. मग गाड्या सुरू झाल्या.

आणि त्यानंतर वर्षाच्या आतच ती दुपार आली. भर बाराची वेळ, जी रात्रीइतकीच वाईट. सगुणा मागच्या दारात भांडी घासत होती. पलीकडून हाक आली, "वयनीऽऽ." तिनं मान वर केली. पलीकडच्या काठावर, जिथं पायवाट तुटते तिथंच, एक माणूस उभा होता. खप्पड, दाढी वाढलेली, खांदे पडलेले, हातात कापडी पिशवी. आवाज रघूचा होता. माणूस रघूचा नव्हता. रघू तिच्या डोळ्यांत बावीसचा होता, भरलेल्या दंडांचा, आणि त्याला जाळून चार वर्षं झाली होती. ती उठून उभी राहिली, हातांना राख तशीच. दुसरी हाक आली. "वयनीऽऽ." सगळं अंग ओ द्यायला पुढं झालं आणि तिनं ओठ दातांखाली धरले. तिसरी येऊ दे. तिसरी आली की धावत जाईन, कुंपण मोडून जाईन. रघू असेल तर त्याला ठाऊक आहे, तो तिसरी मारील. आणि पायाखालची जमीन थरथरली, आणि गाडी आली, तशी तिनं डोळे मिटून नुसता कान दिला.

गाडी गेली तेव्हा काय ऐकायचं राहिलं होतं कोण जाणे. तो तिथंच उभा होता. आता हाक मारीत नव्हता. नुसता बघत होता. दोन हाका आणि मग गप्प. ती घरात पळाली, दार लावून घेतलं, आडणा घातला, उंबऱ्यावर कोयता आडवा ठेवला आणि मीठमिरच्या मुठीत धरून देवासमोर बसून राहिली. संध्याकाळी भिकाजी आल्यावर तिनं सांगितलं. तो कटिंगापर्यंत जाऊन आला. "कोण नाय थं," म्हणाला. मग हात धुता धुता म्हणाला, "मी त्याला माझ्या हातानं जाळलाय, सगुणा. तो येल कसा? आणि तो आला आसल तर मग मी जाळलं कोणाला?" त्यापुढं या विषयावर तो मरेपर्यंत बोलला नाही. पण दुपारी जेवण झालं की तो मागच्या पायरीवर कटिंगाकडं पाठ करून बसू लागला, आणि गाडी गेल्याशिवाय उठत नसे.

पुलावरून वळसा घालून उंडीवाडीत जायचं आणि विचारायचं, बायांनो, असा असा माणूस तुमच्याकडं दिसला का. एवढं साधं काम होतं. विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणूनच ती गेली नाही. त्यापेक्षा गाडी बरी होती. रोज दुपारी कटिंग आवाजानं भरून जाई आणि त्या आवाजात तिसरी हाक असेलही, नसेलही. असेल, असं मानलं की रघू जिवंत होता, कुठंतरी जेवत होता, झोपत होता, म्हातारा होत होता. नसेल, असं मानलं की तिनं काही वाईट केलं नव्हतं. वाईट दिवशी ती एक धरायची, बऱ्या दिवशी दुसरं. आवाज होता तोवर दोन्ही रघू तिच्यापाशी होते. इतक्या वर्षांत आवाजाचं तिला काही वाटेनासं झालं होतं असं घरच्यांना वाटे. खरं म्हणजे घरात त्या आवाजाची वाट बघणारी ती एकटीच होती.

स्लॅब पडल्यापासून डबे तेवढे किणकिणत आणि त्यानंतर जी शांतता पसरे तिच्यात लपायला जागा नव्हती. पहिले काही दिवस ती कान देऊन बसली. गाडीचा आवाज काढून टाकला तर खाली राहिलेली हाक आता तरी ऐकू येईल, असं काहीतरी वेडगळ तिच्या डोक्यात आलं होतं. ऐकू आला तो पंप, कावळा, कुणाच्या तरी घरातली मालिका. बागेचं उद्घाटन झालं, वाजंत्री वाजली, अनिल मोबाइलवर फोटो घेऊन आला. रोज संध्याकाळी मागच्या कुंपणाच्या जागी केलेल्या फाटकातून वाडीतली माणसं हिरवळीवर जात, आणि सगुणा खिडकीतून बघे की ती कटिंगाच्या मधोमध चालतायत, जिथं नुसती हवा होती तिथं लोक शेंगदाणे खातायत. तिला रात्री वाटे, तो पलीकडंच उभा आहे आणि आता त्याला इकडं यायला कुणाची आडकाठी नाही. मग वाटे, येत कसा नाही? या दोन वाटण्यांच्या मध्ये तिची झोप गेली, जेवण तुटलं. नम्रता म्हणाली, "आई, सांधे आखडलेत तुमचे, चला माझ्याबरोबर फिरायला." मांडवीच्या शाळेत दिवसभर पोरांना ओरडून आलेली ती, आणखी एका हट्टी पोराशी बोलावं तशी बोलत होती. सगुणा नाही नाही म्हणाली, आणि एका संध्याकाळी आपणच चपला घालून दारात उभी राहिली. न कळण्यात जेवढं सुख होतं तेवढं संपलं होतं. आता विचारायचं होतं.

फाटकापासून पलीकडचा काठ एवढासा होता याचाच तिला आधी राग आला. जास्वंदीचा एक वाफा, फिरायची वाट, मग हिरवळ, परत वाट. संपलं. पाय मऊ मातीवर पडत होते आणि प्रत्येक पावलाला तिला खालची पोकळी जाणवत होती. नम्रता तिला पलीकडच्या बाकावर बसवून आपल्या फेऱ्या मारायला गेली. तो बाक नेमका कुठं ठेवलाय हे सगुणानं बसण्याआधी पाहून घेतलं होतं. उंडीवाडीची तुटकी पायवाट त्याच्या पाठीशी येऊन थांबत होती.

पहिल्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी एक बाई आली, सगुणाहून थोडी मोठीच, तोंडात मिश्री, आणि बसल्या बसल्या तिनं आपल्या गुडघ्यांची, सुनेची आणि उंडीवाडीच्या नळाची सगळी हकिकत सांगून टाकली. यमुनाबाई तिचं नाव. घर या बाकापासून तिसरं, विहिरीजवळचं. "तुमी खयच्या घरातल्या?" तिनं विचारलं तेव्हा सगुणानं सडेवाडीकडं हात केला, नुसता, मोघम. अनिलनं जुनं घर पाडून दुमजली बांधलं होतं. पलीकडून बघणाराला ओळखू येण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. आणखी दोन संध्याकाळी अशाच गेल्या. जिभेवर आलेलं सगुणा गिळत होती. मग एकदा, यमुनाबाई मिश्रीची चिमूट काढायला थांबली तेवढ्यात तिनं विचारून टाकलं.

"गाडी नवीन सुरू झाली, त्या सालात. हितं कोण माणूस आल्याचं आठवतंय काय? दुपारचा. हाका मारीत व्हता."

"तो व्हय!" यमुनाबाईनं डबी मिटली. "म्हणजे तुमीपण ऐकल्यात त्या हाका? सगळ्या उंडीवाडीनं ऐकल्या बाय. मी विहिरीवर व्हते. उनाचा आला, त्या वाटेनं, आणि हितं येऊन थबकलाच. वाट चुकलेला नव्हता तो. वाट त्याला बरोबर ठावी व्हती, वाटच ऱ्हायली नव्हती. समोरच्या घरात एक बाई भांडी घाशीत व्हती, तिला हाक मारलीन. मग आणखी एक मारलीन. आणि तेवढ्यात..."

बाकाच्या पायांतून बारीक थरथर वर आली. सगुणानं सवयीनं हात उचलला, थांबा म्हणून. यमुनाबाई थांबली नाही. आता थांबायचं कारणच नव्हतं. गाडी त्यांच्या खालून चालली होती आणि यमुनाबाई बोलत होती.

"...तेवढ्यात गाडी आली. तर हा थांबायचा की नाय? नाय. गळ्याच्या शिरा फुगवून ओरडतोय गाडीत. ऐकू काय येतंय डोंबल, पण तोंड दिसत व्हतं ना मला. एकच हाक मारलीन, भली लांब. मग बघत ऱ्हायला. गाडी गेली. ती बाई तशीच उभी. आणि काय तरी झालं तिला, गेली आत आणि दार लावून घेतलंन. धाडदिशी. हिकडं आवाज आला."

सगुणाचे हात मांडीवर होते. ते तिला दुसऱ्या कुणाचे वाटले.

"मी गेले त्याच्यापाशी. म्हटलं, बाबा, पुलावरनं वळसा घाल, जा. गाडीच्या आवाजात ऐकली नसल तिनं. तर म्हणाला, तीन मारल्या. तिसरीपण मारली. तिला ठावं हाय, म्हणाला. आता तिला नको आसंन तर जाऊन काय करू? मी परत परत सांगितलं. नाय म्हणजे नाय. हट्टी मेला. पण त्या बाईला काय म्हणावं तुमी? जीव तोडून हाका मारतंय माणूस आणि..."

"ती मीच," सगुणा म्हणाली.

यमुनाबाईचा हात डबीवरच राहिला. फिरणारी माणसं समोरून गेली, कुणाच्या तरी मोबाइलवर भजन वाजत होतं. सगुणाला सांगायचं नव्हतं आणि ती सांगत होती. "माझा दीर. लहानाचा मोठा मी केला त्याला. तिसरी मला ऐकायला आली नाय वो. मी तिसरीची वाट बघत व्हते. त्याचं सगळं करून झालं व्हतं, पुतळा जाळून. चार वर्षं झालेली." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला आणि ती मोठ्यानं रडू लागली, बाजारात हरवलेलं पोर रडतं तशी, लाज सोडून. जिवंत होता. आपण वाढवलेला, आपल्या कुशीत झोपलेला जिवंत माणूस उन्हात उभा होता आणि त्याच्या तोंडावर आपण दार लावलं. हे आता कुठल्याच गाडीखाली लपणार नव्हतं.

यमुनाबाईनं तिला गप्प केलं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, असं कसं तुम्हाला वाटलं. तिला विचारावं लागलं नाही. तिच्याही आईनं तिला हेच शिकवलं असणार. "मीसुद्धा हेच केलं आसतं," एवढंच ती म्हणाली, आणि आपल्या खरखरीत तळव्यानं सगुणाची पाठ चोळत राहिली.

बऱ्याच वेळानं सगुणानं पदरानं तोंड पुसलं. "मग गेला? तसाच? उपाशी?"

"तसाच कसा जाऊ देईन मी? भर दुपारचा माणूस." यमुनाबाईला जणू अपमान झाल्यासारखं वाटलं. "पडवीत बसवला. तांब्याभर पाणी प्यायला. कुठं सुरतेला ऱ्हायला व्हता म्हणे इतकी वर्षं, तिकडच्या गिरणीत. मग वाढलं त्याला."

"काय वाढलंत?"

"काय आसणार वो आमच्याकडं? कुळथाची पिठी आणि भात."

सगुणा बाकावर वळून बसली. तिचे डोळे लाल होते आणि त्या डोळ्यांत आता वेगळंच काहीतरी होतं. "पिठी आवडायची त्याला. खाल्लान काय?"

"खाल्लान? आधी नुसतं चिवडत बसला. मग म्हणतो कसा, मावशी, रागावू नका, पिठीवर कच्चं खोबरेल घालाल काय थोडं? मी म्हटलं हे काय नवीन? आमच्यात नाय घालत कोण. पण घातलं."

उंडीवाडीत घालत नसत. सडेवाडीतही घालत नसत. सगुणाच्या माहेरी घालत, आणि तिनं ती सवय या घरात एकाच माणसाला लावली होती. भिकाजीला तर त्या वासानं मळमळायचं. तिला शंका म्हणून जी काय उरली होती ती तिथं संपली. "घातलंत ना?" तिनं यमुनाबाईचा हात धरला. "कमी नाय ना घातलंत? त्याला वर तरंगलेलं लागतं."

"बुधलीच ठेवली पुढ्यात. घे म्हटलं, हवं तेवढं. मग भात परत मागून घेतलान."

"भात गरम व्हता?"

"वाफाळता. नुकताच उतरवलेला."

"ताटात वाढलंत की पानावर?"

"ताटात बाय, ताटात. कडेला सुकटाची चटणी..."

हिरवळीवरून नम्रता घाम पुसत आली. सासूचा चेहरा बघून ती दचकली, काय झालं म्हणून यमुनाबाईकडं बघू लागली. मग खाली वाकून हळूच म्हणाली, "आई, काळोख पडायला लागला. चला ना, निघूया."

सगुणानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. यमुनाबाईचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

"थांब गो जरा," ती म्हणाली. "रघू जेवतोय."